ओपन स्पेसमधला बेल

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

मुंगीएवढी अक्षरं. पेपरच्या सातव्या पानावर, कुणाच्या तरी हरवलेल्या मार्कशीटच्या खाली. चष्मा पुसून तीनदा वाचलं. 'अमृत विहार या मंजूर रेखांकनातील खुली जागा पश्चिमेस नाल्यालगत स्थलांतरित करून मूळ जागेवर वाणिज्य वापर प्रस्तावित आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे.'

म्हणजे माझ्या दारासमोरचं मैदान उचलायचं आणि नाल्यावर नेऊन टाकायचं. मैदान काय सतरंजी आहे, इथली गुंडाळली आणि तिथं अंथरली? आणि इथं दुकानं. भुजंगराव डेव्हलपरची दुकानं. प्लॉट विकताना हाच माणूस त्या मैदानात उभा राहून हात पसरून सांगत होता — ही ओपन स्पेस, हिला कुणाच्या बापाला हात लावता येत नाही!

बारा वर्षं झाली मला या कॉलनीत. चौतीस घरं, आणि मधोमध एवढी एकच जागा जिथं कुणी भिंत घातलेली नाही. पोरं क्रिकेट खेळतात, लग्नाचा मांडव पडतो, उन्हाळ्यात बायका वाळवणं घालतात. कडेला बेलाचं झाड. लोकांना मैदान दिसतं. मला त्या बेलाखाली माझी आई दिसते. हे फक्त या वहीला माहीत आहे, आणि रामलिंगला, माझ्या भावाला. तो रेणापूरला असतो.

चहा उतू गेला. शेगडी अजून पुसलेली नाही.

५ फेब्रुवारी

नगररचनेच्या हापिसात जाऊन आले. तिथल्या बाई चांगल्या निघाल्या, नकाशा काढून टेबलावर पसरला. हिरव्या रंगात आमचं मैदान. त्यावर लाल पेन्सिलीची फुली. नवा हिरवा पट्टा नाल्याच्या काठाला, लांबलचक, वाळत घातलेल्या पायजम्याच्या नाडीसारखा. तिथं कोण खेळणार? पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं.

बाई म्हणाल्या, "ओपन स्पेस हलवायची तर प्लॉटवाल्यांची संमती लागते, मावशी. सह्या दिल्या न्हाईत तर कशी हलंल? तीन मार्चला सुनावणी हाय. हरकत द्या तुम्ही." तिथंच उभ्या उभ्या हरकत लिहिली. मी एसटीच्या डेपोत चौकशीच्या खिडकीवर तीस वर्षं काढलीत. मला अर्ज कुणी शिकवायची गरज नाही.

या ले-आउटवाल्यांची एक रीत आहे. दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते म्हणून सोडतात. पण कोणती? नाल्याची, वीजवाहिनीच्या तारांखालची, तीन कोनांची, जी विकली जात नाही ती. चांगल्या जागी ओपन स्पेस सोडली तर यांच्या पोटात दुखतं. आमच्याकडं ती मधोमध सुटली, कारण रामलिंगनं तसा शब्द घेतला होता. तेव्हापासून भुजंगरावाच्या डोळ्यांत ती खुपत असणार.

७ फेब्रुवारी

पुनमचा नांदेडहून फोन. म्हणे, "आई, बीपीची गोळी घेतलीस का?" घेतली. दोन घेतल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

वर्षाराणीच्या ओट्यावर बैठक. वर्षाराणी म्हणजे शेजारची सून, शिवांशची आई. पोर सहा वर्षांचं, दिवसभर मैदानात. ती सगळ्यांत आधी पेटली. "काकू, माझं लेकरू खेळणार कुठं? मोबाइलमधी?" शेषेराव सर अध्यक्ष — रिटायर हेडमास्तर, कॉलनीत त्यांचा शब्द चालतो. तेही म्हणाले, "संमतीची एक सही कुणी द्यायची न्हाई."

मी बोलले. लहान मुलांबद्दल बोलले, म्हाताऱ्यांच्या फिरण्याबद्दल बोलले, झाडाच्या सावलीबद्दल बोलले. टाळ्या पडल्या. अठ्ठावीस घरांनी हरकतीवर सह्या केल्या.

आईचं बोलले नाही. बारा वर्षं नाही बोलले. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. रान असलं की आपल्याच रानात, बसतं करून, हातात लिंग देऊन. त्यात आम्हाला काही वावगं वाटत नाही, उलट आपलं माणूस आपल्या मातीत राहिलं असं वाटतं. पण इथं बाकीचे सगळे दहन करणारे. त्यांना सांगितलं असतं तर एकही प्लॉट गेला नसता.

१० फेब्रुवारी

रामलिंगला फोन लावला. वाटलं चवताळून उठेल. तर म्हणतो कसा, "जाऊ दे आक्का. कॉलनी होऊन बारा-तेरा साल झाले. तू कशाला जिवाला घोर लावून घेऊन राहिलीस?"

जाऊ दे? फोनवरच त्याला झाडलं. हे सगळं रान आप्पांचं, आमच्या वडलांचं. आप्पा वारले उदगीरकडं, मूळ गावी, त्यांची समाधी तिथं. आई शेवटची वर्षं इथं रानात रामलिंगजवळ राहिली आणि दोन हजार चारला इथंच गेली. रानातच पुरलं तिला, वर मातीचा उंचवटा आणि उशाला बेलाचं रोप. दगडी समाधी बांधायची होती, ती राहून गेली. मग दोन हजार अकराला रानाला भुजंगरावाचं गिऱ्हाईक लागलं आणि हा साडी-चोळी घेऊन माझ्या दारात. बहिणीनं हक्कसोडावर सही करायची असते ना! सगळ्याच करतात. भाऊ तुटू नये म्हणून करतात. मीही केली, सातबाऱ्यावरून माझं नाव खोडून घेतलं. एकच अट घातली होती — आईची जागा मोकळी राहिली पाहिजे. त्यानं बेलाचं पान हातात धरून शब्द दिला. "नकाशात ओपन स्पेस टाकून घेतो आक्का. मग कयामतीपर्यंत तिथं कुणी वीट ठेवू शकत न्हाई."

मी तेव्हा नांदेडच्या डेपोत होते. वर्षभरानं येऊन पाहिलं तर बांध नाही, विहीर नाही, सगळं सपाट, चुन्याच्या रेघा मारलेल्या. फक्त बेल उभा. तो दिसला आणि त्याच्यासमोरचाच प्लॉट घेतला. बाकीचे कोपऱ्याचा मागत होते, पूर्वेचा मागत होते. मी म्हटलं मला बेलासमोरचा द्या.

आणि हा म्हणतो जाऊ दे.

१३ फेब्रुवारी

भुजंगराव स्वतः घरी आला. पांढरे कपडे, कपाळाला आडवं भस्म, हातात पेढे. "ताई, तुमीच मोठ्या हाव कॉलनीत. तुमी हाव म्हणलं की सगळे हाव म्हणतेत." नाल्याकडं झोपाळे बसवतो म्हणाला, फिरायला ट्रॅक करतो म्हणाला, वर एक महादेवाचं मंदिरही बांधून देतो म्हणाला. मी म्हटलं महादेवाला नाल्यावर बसवणार का? तो हसला. असल्या माणसांना राग येत नाही, हीच त्यांची सगळ्यात वाईट खोड.

जाताना बेलाकडं बघून म्हणाला, "तुमच्या भावानं तेवढं झाड ठेवा म्हणून लई हट्ट धरला होता. काय होतं बरं त्या झाडात?"

म्हणजे याला माहीत नाही. रामलिंगनं नुसतं झाडाचं सांगितलं होतं. पेढे गायीला घातले.

१४ फेब्रुवारी

सव्वीसच राहिल्या. दोन घरांनी हरकतीवरून सही मागं घेतली. कोपऱ्यावरच्यांना म्हणे दुकान मिळणार आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे लिहू की नको कळत नाही. पण लिहिते.

दुसरी बैठक, भर मैदानातच. भुजंगरावाला मी नको म्हणत होते, सरांनी बोलावलं. "त्याचं बी ऐकून घेऊ." आणि तो बोलला. चांगलं बोलतो मेला. या जागेला कंपाउंड नाही, गवत माजतं, मागल्या वर्षी साप निघाला, संध्याकाळी बाहेरची पोरं येऊन बाटल्या फोडतात. दुकानं झाली की दवाखाना येईल, औषधाचं दुकान येईल, उजेड राहील. "नुसती रिकामी जागा हाय ही. रिकाम्या जागेचा काय उपेग?"

लोक मान डोलवायला लागले. माझ्या डोळ्यांदेखत! गेल्या रविवारी टाळ्या वाजवणारे हेच. सर म्हणाले, "तसं बघितलं तर मुद्दा बरोबर हाय यांचा. रिकामीच तर हाय."

रिकामी. तो शब्द तिसऱ्यांदा ऐकला आणि माझं डोकं गेलं. मी उठले आणि ओरडले, "रिकामी न्हाई! माझी आई हाय तिथं. त्या बेलाखाली पुरलंय तिला."

पोरांचा चेंडू कुणाच्या तरी पायाशी येऊन थांबला, कुणी उचलला नाही. मग मागून एक बाई म्हणाली, "म्हणजे मसणवटाच की हा." दुसरी म्हणाली, "बारा साल आमची लेकरं मढ्यावर खेळून राहिली?" वर्षाराणीनं शिवांशला दंडाला धरून मैदानाबाहेर ओढलं. तो रडत होता, त्याची बॅट तिथंच राहिली.

सर माझ्याकडं बघत नव्हते. भुजंगराव मात्र बघत होता. आधी खरंच दचकला होता, मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्याला आता काही बोलायची गरजच उरली नव्हती. त्याचं काम मी केलं होतं.

१७ फेब्रुवारी

मैदानात कुणी नाही. दिवसभर एकही पोर नाही.

१९ फेब्रुवारी

वर्षाराणी आली. बाकीचे पाठीमागं बोलतात, ही निदान तोंडावर बोलली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तर आली नाही.

"काकू, राग मानू नका. मी संमतीवर सही केली. शिवांशला परवापासून ताप हाय. सासूबाई म्हणून राहिल्या त्याच जागेचं हाय ते. मला पटत न्हाई, पण घरात मला राहायचंय."

मी म्हटलं, तुझ्या शिवांशला त्याच झाडाखाली झोळी बांधून झोपवायचीस तू. तेव्हा नव्हता आला ताप? ती म्हणाली, "तवा माहीत नव्हतं ना." आणि गेली.

तवा माहीत नव्हतं! म्हणजे आईनं त्रास दिला नाही, मी सांगितलं त्याचा त्रास झाला. अरे, या लोकांचे बंगले कशावर उभे आहेत? हे सगळं कुणाच्या ना कुणाच्या बापजाद्यांचं रान. कोण कुठं पुरलंय याचा दाखला काढून यांनी पाया खणला होता का? स्वतःच्या हॉलखाली काय आहे ते विचारत नाहीत, आणि माझ्या आईला घाबरतात. ती मुंगीलाही साखर घालायची.

२१ फेब्रुवारी

शेषेराव सरांचीही सही झाली. रस्त्यात भेटले. "बाई, तुमी आधी सांगायला पाहिजे होतं. इस्वासाचा प्रश्न हाय." मी तशीच पुढं निघाले. बोलले असते तर तोंडातून शिवीच गेली असती.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज राग स्वतःवर निघतोय. खरं लिहायला इथं कुणाची भीती आहे?

पहिल्या बैठकीत मी पोरांच्या नावानं बोलले. म्हाताऱ्यांच्या नावानं बोलले. मनात एकटी आई होती. बाकी कॉलनीचं मैदान राहो की जावो, मला तेवढी बेलाखालची चार हात जागा हवी होती. लोकांना मी वापरलं. आणि त्यांना खरं कळल्यावर त्यांनी पाठ फिरवली, तर माझा तिळपापड होतो.

शिवांशची बॅट अजून तिथंच पडली आहे. आठवडा झाला. मीच आणून त्यांच्या फाटकाला टेकवून ठेवली. थोड्या वेळानं पाहिलं तर कुणीतरी ती कचऱ्याच्या डब्याजवळ नेऊन ठेवली होती.

तेव्हा समजलं. हे मैदान आता पोरांचंही राहिलं नाही. माझ्या तोंडामुळं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

दरवर्षी पहाटेपासून बायका बेलासाठी येतात. मीच फांद्या वाकवून धरते, तीन पानांची डहाळी निवडून देते, कीड लागलेली बाजूला काढते. आज एकही आली नाही. गंजगोलाईच्या बाजारातून विकतचा बेल आणला सगळ्यांनी. वर्षाराणीच्या सासूच्या पिशवीत पाहिला, अर्धा सुकलेला होता.

एकटीनं जाऊन झाडाला पाणी घातलं. खिडक्यांतून बघत होते लोक. बघू देत.

तिथं उभं असताना वाटलं, आपण आईला कशात अडकवलं? पोरं पळतात तिच्यापासून. बायका तोंडाला पदर लावतात. आणि तीन तारखेनंतर तिच्यावर दुकानांचं शटर पडणार आहे. माझ्या हट्टापायी तिची अशी विटंबना. मला माझाच संताप आला.

२७ फेब्रुवारी

ठरलं. आईला इथून काढायचं. उदगीरला न्यायचं, आप्पांशेजारी.

आमच्यातले विधी करणाऱ्या जंगमस्वामींना फोन केला. ते म्हणाले, माती उकरून अस्थी नेता येतात, विधी आहे, सोमवारी सकाळी आठला करू. सोमवारीच अकराला सुनावणी. म्हणजे आईला गाडीत ठेवायचं, आणि जाता जाता हरकत मागं घेतल्याचा अर्ज देऊन टाकायचा. अर्ज लिहून ठेवला आहे. दोन ओळींचा. आयुष्यात एवढा छोटा अर्ज लिहिला नव्हता.

भुजंगरावाला कुणी सांगितलं देव जाणे, लगेच फोन. "ताई, मशीन पाठवू का? ड्रायव्हर माझाच हाय." माझ्या आईला जेसीबीनं काढणार हा! फोन कापला. चार माणसं सांगितली आहेत, कुदळीनं हलक्या हातानं काढतील.

रामलिंगला सांगितलं. तर म्हणाला, "सोमवारी? इतकी काय घाई हाय आक्का?" घाई! मग दुकानांचा पाया खणेपर्यंत थांबू का म्हटलं.

१ मार्च

रामलिंगचे सहा मिस कॉल. उचलला नाही. शब्द द्यायचा तेव्हा दिला, मोडला जाताना गप्प बसला. आता काय बोलायचं राहिलंय.

२ मार्च

नवं इरकल लुगडं काढून ठेवलं. अस्थी त्यात बांधायच्या. हे काम मुलानं करायचं असतं. पण त्याच्यावर माझा भरवसा नाही.

३ मार्च, सोमवार

सातलाच रामलिंग दारात. दाढी वाढलेली. चौकटीला धरून म्हणाला, "आक्का, खोदू नको. आई तिथं न्हाई."

लेव्हलिंगच्या वेळी रस्त्याची आखणी नेमकी आईवरून गेली. मोजणीत नकाशा सरकला होता. यानं 'झाड तेवढं ठेवा' म्हणून विनवलं, तर त्यांनी जेसीबीनं बेल मुळासकट उचलला आणि तीस फूट पलीकडं लावला. झाड गेलं, आई राहिली. वरून मुरूम पडला, मग डांबर. "तू झाड बघून तोच प्लॉट धरून बसलीस. कोणत्या तोंडानं सांगू तुला?"

म्हणजे आई माझ्या फाटकासमोरच्या रस्त्याखाली. मी रोज सकाळी सडा टाकते तिथं.

त्याला चहा विचारला नाही. स्वामींना आणि त्या चार माणसांना येऊ नका म्हणून कळवलं. मग वर्षाराणीला हाक मारली — बेलाखाली कुणी नाही, माझीच चूक झाली, शिवांशला खेळायला सोड. ती म्हणाली, "मग आजी कुठं हायेत?" मी म्हटलं, "गावाकडं." यावेळी तोंड सांभाळलं.

दोन ओळींचा अर्ज फाडला. अकराला मैदानासाठी भांडायचं आहे, सह्या असोत नसोत. मघापासून वही हातात घेऊन फाटकात उभी आहे, पाऊल बाहेर पडत नाही. रिक्षावाला हॉर्न देतोय. नेमका तिथंच उभा आहे.